चैत-वैशाखातली रेती

पळस झडला की वर्धा नदी आटू लागते. फाल्गुनात पाणी काठ सोडून आत सरकतं, चैत्रात त्याच्या दोन-तीन धारा होतात आणि त्या धारांच्या मधोमध रेतीची लांबट, पांढुरकी बेटं वर येतात. नागपूरहून हैदराबादकडं जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गावर हिंगणघाट मागं पडलं की वडनेर लागतं, पुढं पोहणा आणि मग नदीवरचा पूल. पुलाच्या अलीकडं वर्धा जिल्हा, पलीकडं यवतमाळ. श्रीनगरहून कन्याकुमारीला निघालेला हा रस्ता आमची नदी मिनिटभरात ओलांडतो. गाडीच्या काचेतून दिसते ती उन्हानं भाजून निघालेली रेती, टरबूज-खरबुजांची एखादी डांगरवाडी आणि दूरवर चकाकणारी पाण्याची रेघ. बघणाऱ्याला वाटतं, या दिवसांत इथं काहीच नाही.

मला मात्र नदीचं सगळ्यांत भरलेलं रूप हेच वाटतं. श्रावणातली दुथडी वाहणारी वर्धा सगळ्यांना आवडते. तिची ओटी भरायला बायका येतात, पोरं पुलावर उभी राहून पूर बघतात. पण चैत-वैशाखात, जेव्हा माणसं नदीकडं पाठ फिरवतात आणि दुपारी वाऱ्याबरोबर रेतीचे कण गालाला टोचतात, तेव्हा या उघड्या रेतीवर काही पाखरांचे संसार मांडलेले असतात. त्यांना झाड चालत नाही, झुडूप चालत नाही, काठावरचं गवतही चालत नाही. त्यांना हवी असते फक्त मोकळी रेती आणि तिच्या भोवती पाणी. असली जागा नदीत वर्षातून तीन-चार महिनेच तयार होते. तेवढ्या अवधीत जोडी जमवायची, अंडी घालायची, उबवायची, पिल्लांना पंख फुटेपर्यंत सांभाळायचं आणि मृगाच्या पहिल्या लोंढ्याआधी सगळं आटोपून उडून जायचं. या पाखरांइतकं काटेकोर वेळापत्रक मी दुसऱ्या कुणाचं पाहिलेलं नाही.

त्यांतला सगळ्यांत उठून दिसणारा म्हणजे नदी सुरय. राखाडी पाठ, पांढरं पोट, पिवळीजर्द चोच, खोल दुभंगलेली लांब शेपटी. विणीच्या काळात डोक्यावर डोळ्यांपर्यंत उतरलेली काळी टोपी. तो पाण्यावरून चोच खाली झुकवून सावकाश उडत जातो, मध्येच थबकतो आणि सरळ पाण्यात सूर मारतो. वर येतो तेव्हा चोचीत मासोळी असते. चैत्राच्या सुरुवातीला हा नर ती मासोळी स्वतः खात नाही. रेतीवर बसलेल्या मादीभोवती मान ताठ करून फिरतो आणि ती तिच्यापुढं धरतो. मादीनं ती घेतली की समजायचं, या बेटावर आता घरटं होणार.

घरटं म्हणजे तरी काय, रेतीत छातीनं उकरलेला एक खळगा. काडी नाही, पान नाही, अस्तर नाही. त्यात दोन किंवा तीन अंडी. त्याच बेटावर जरा ओलसर कडेला छोटा आर्ली असतो. चिमणीहून थोडासाच मोठा, रेतीच्या रंगाचा, उडताना पाकोळीचा भास देणारा. दिवसभर तो रेतीत इतका बेमालूम मिसळून बसतो की पाऊल टाकताना तो पायाखालून उठतो. संध्याकाळी मात्र आर्लींचे थवेच्या थवे पाण्यावर किडे टिपत फिरतात. बेटाच्या दगडगोट्यांच्या टोकाला मोठा करवानक उभा असतो. मोठे पिवळे डोळे, वर वळलेली जाड चोच, आणि खेकडा सापडेपर्यंत न हलण्याची तयारी. त्याचं येणं-जाणं बहुतेक रात्रीचं, म्हणून गावातल्या फार थोड्या लोकांनी तो पाहिलाय. त्याचा उदास, चढत जाणारा आवाज मात्र नदीकाठी जागल करणाऱ्या प्रत्येकानं ऐकलेला असतो.

आणि कंठेरी चिखल्या. मुठीत मावेल एवढा पक्षी, गळ्यात काळी पट्टी, डोळ्याभोवती पिवळं कडं. त्याचं घरटं एकदा जवळून बघायला मिळालं, तेही एका भोई बाबांमुळे. डांगरवाडीच्या पलीकडं मी पाण्याच्या दिशेनं चाललो होतो, तर ते लांबूनच ओरडले, "तिकडून नोका जाऊ भाऊ, पाखराचे अंडे हायेत तिथं." मी म्हटलं, "बाबा, मला तर काही दिसत नाही." ते म्हणाले, "दिसत नाई तं काय झालं? पाखरू ओरडते कसं, ते ऐका ना." मी उभा राहिलो. दहा-बारा पावलांवर चिखल्या एक पंख रेतीवर ओढत, लंगडत, केविलवाणा ओरडत चालला होता. पंख मोडलाय असं कुणालाही वाटावं. बाबांनी माझा दंड धरून मला उलट दिशेला वळवलं आणि काठीच्या टोकानं लांबूनच दाखवलं.

तळहाताच्या खळग्याएवढी जागा. कडेला चार-दोन बारीक खडे मांडल्यासारखे. मध्ये चार अंडी, चारही अंड्यांची निमुळती टोकं आतल्या बाजूला वळलेली, त्यामुळं ती एकमेकांत घट्ट बसलेली. रंग रेतीचाच, त्यावर तपकिरी बारीक ठिपके. दाखवल्यावरसुद्धा नजर क्षणभर हलली की ती पुन्हा रेतीत हरवत होती. बाबा म्हणाले, "चाला आता. ऊन हाय. मायले येऊ द्या अंड्यावर." आम्ही मागं सरलो. लंगडणाऱ्या पाखराचा पंख लगेच बरा झाला आणि ते तुरुतुरु धावत येऊन अंड्यांवर उभं राहिलं.

बसलं नाही, उभं राहिलं. या पाखरांचं उबवणं हे असं आहे. आमच्याकडं वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि रेतीवर अनवाणी पाऊल टेकवता येत नाही. अंड्याचं तापमान चाळिशीच्या वर बराच वेळ राहिलं तर पिल्लू आतल्या आत दगावतं. म्हणून पहाटे आणि रात्री ऊब द्यायची, आणि दुपारी त्याच अंड्यांवर पंख जरा उघडून, सूर्याकडं पाठ करून, चोच वासून उभं राहायचं; आपल्या अंगाची सावली त्यांच्यावर पाडायची. त्यानंही भागलं नाही तर जोडीदार पाण्याकडं उडत जातो, पोटाची पिसं भिजवून परत येतो आणि ओलं पोट अंड्यांवर टेकवतो. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई ओल्या फडक्याची घडी ठेवते, तसंच हे. नदी सुरयही हेच करतो, टिटवीही. दिवसभर या येरझाऱ्या चालतात. पाणी बेटापासून लांब गेलं की प्रत्येक फेरी लांबते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी पडतात.

म्हणूनच या पाखरांच्या घरट्याजवळ पाच-दहा मिनिटं रेंगाळणं हे त्यांच्यावर संकट आणण्यासारखंच आहे. हल्ली मोठ्या लेन्सचे कॅमेरे आले आहेत, हौस वाढली आहे, आणि हौसेबरोबर पाखरांवरचं प्रेमही वाढलंय, ही चांगली गोष्ट आहे. पण दुपारच्या उन्हात आपण त्या खळग्यासमोर बसलो, की वरती घिरट्या घालणारी माय खाली येत नाही आणि अंडी भाजली जातात. विणीच्या पाखरावर प्रेम करायचं तर ते लांबूनच केलं पाहिजे.

टिटवीचं आणि आमच्या शेतकऱ्याचं नातं तर फार जुनं. टिटवीनं अंडी उंच धुऱ्यावर घातली की पाऊस चांगला, खोलगटात घातली की दुष्काळ, असा आडाखा आमच्याकडची म्हातारी माणसं अजून बांधतात. चार अंडी म्हणजे पावसाचे चार महिने, असंही सांगतात. टिटवी पाय वर करून निजते, आभाळ पडलं तर पेलायला, असं लहानपणी कुणी ऐकलं नाही? पंचतंत्रात तर टिटवीची अंडी समुद्रानं पळवली आणि साऱ्या पाखरांनी गरुडाकडं गाऱ्हाणं नेलं, गरुडानं ते विष्णूपर्यंत पोचवलं आणि समुद्राला अंडी परत द्यावी लागली. वावर वखरताना धुऱ्याजवळ टिटवीची अंडी दिसली तर तेवढा तुकडा सोडून औत पुढं नेणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्या अंड्यांशी त्यांचा पाऊस बांधलेला असतो, म्हणून ते त्यांना जपतात. नदीतल्या सुरयाचा, आर्लीचा, चिखल्याचा असा काही आडाखा आपल्याकडं नाही. त्यांच्या अंड्यांना आपण आपल्या नशिबाशी जोडलं नाही, आणि म्हणून त्यांची आठवण कुणाला होत नाही.

जोडलेली मात्र आहेत. ती कशी, हे रेतीकडं नीट बघितलं की कळतं.

वर्धा नदी मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यात मुलताईच्या बाजूला उगम पावते. पावसाळ्यात ती सातपुड्याच्या उतारावरून दगड, खडी, गाळ घेऊन येते आणि वाटेत सपाटी लागली की ओझं खाली ठेवत जाते. हिंगणघाटावरून वणा येते, आणखी खाली पैनगंगा येते; प्रत्येकीची रेती तिच्यात मिसळते. दरवर्षीचा पूर ही बेटं नुसती बनवत नाही, धुऊन स्वच्छही करतो. आदल्या वर्षी उगवलेलं गवत, बेशरमाची झुडपं, वेड्या बाभळीची रोपं तो मुळासकट नेतो. मोकळी रेती त्यामुळंच राहते. पाखराला लांबवर नजर पोचते, कोल्हा किंवा कुत्रा येताना दिसतो, कावळ्या-घारींना सगळी वसाहत मिळून हुसकावते. सुरयांच्या बेटावर चुकून गेलेल्या माणसाच्या डोक्यावरही ते ओरडत, झेप घेत येतात.

पूर अडला की हे चक्र थांबतं. वरच्या अंगाला मोर्शीजवळ सिंभोऱ्याला ऊर्ध्व वर्धा धरण आहे, आर्वी तालुक्यात निम्न वर्धा. या धरणांनी शेतीला पाणी दिलं, शहरांची तहान भागवली, त्यांचे उपकार नाकारता येणार नाहीत. पण धरणाखालची नदी वेगळी वागते. काही वर्षी पूर बेटांपर्यंत जोरात पोचतच नाही आणि बेशरम तिथं पाय रोवते. काही वेळा ऐन उन्हाळ्यात पाणी सोडलं जातं आणि एका रात्रीत हातभर पाणी चढून अख्ख्या वसाहतीची अंडी वाहून जातात. कधी उलट होतं. एका बाजूची धार पार आटते, बेट काठाला जोडलं जातं, आणि गावातली मोकाट कुत्री कोरड्या पायांनी चालत घरट्यांपर्यंत जातात. नदी वाहते की नाही, किती वाहते, कधी वाहते, या तिन्ही गोष्टी त्या चार अंड्यांचं भवितव्य ठरवतात.

आणि मग टिप्पर येतात.

रेतीशिवाय घर होत नाही, हे मला ठाऊक आहे. घरकुल मंजूर झालेला माणूस रेतीसाठी किती वणवण करतो, ते गावात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. नदीतली थोडी रेती माणसानं घेणं नदीला पूर्वीही मान्य होतं; बैलगाडीनं नेलेली रेती पुढचा पूर भरून काढत असे. यंत्रानं रात्रंदिवस उपसलेली रेती कुठलाच पूर भरून काढू शकत नाही. बेट खचतं, डोह तुटतो, पात्र खोल जातं, काठच्या विहिरींचं पाणी उतरतं. झिरा उकरला की पूर्वी हातभरावर पाणी लागायचं. आता पुरुषभर खोदूनही ओल मिळत नाही, अशी तक्रार नदीकाठच्या कितीतरी गावांत ऐकू येते. रेती नदीचं पाणी धरून ठेवते. ती गेली की आधी पाखरू जातं, मग पाणी जातं, आणि शेवटी माणसाची पाळी येते. आपण या पाखरांशी जोडलेलो आहोत ते असे.

सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या खटल्यात सांगितलं की लहान क्षेत्रातल्या रेतीउपशालाही पर्यावरणाची परवानगी लागेल. त्यानंतर केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली, राज्याची धोरणं आली. आपल्या राज्यात पावसाळ्यात, १० जून ते ३० सप्टेंबर या काळात रेतीउपसा बंद ठेवला जातो. नदीला श्वास घेऊ देणारी ही अट चांगली आहे. पण जरा पंचांग उघडून बघा. १० जूनला उपसा थांबतो तेव्हा पिल्लांना पंख फुटून ती उडून गेलेली असतात, किंवा संपलेली असतात. रेतीघाट जोरात चालतात ते फेब्रुवारीपासून मेपर्यंत, पाणी कमी आणि रेती उघडी असते तेव्हा. सुरय, आर्ली, करवानक, चिखल्या यांची वीणही नेमक्या त्याच महिन्यांत, त्याच कारणासाठी, त्याच रेतीवर. आपण नदीला सुटी देतो ती पावसाळ्यात. या पाखरांना ती हवी असते उन्हाळ्यात. आपल्या नियमांनी नदीचं पाणी मोजलं, रेती मोजली, ब्रासचा दर मोजला. रेतीवरची अंडी मात्र मोजायची राहिली.

कायद्याला ती अंडी माहीत नाहीत, असंही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीची जी व्याख्या केली आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी फोडणं आणि घरटी विस्कटणं हेही येतं. बंदूक उचलली तरच शिकार होते असं नाही; टिप्परचं चाक घरट्यावरून गेलं तरी पाखराच्या बाजूनं फरक काही पडत नाही.

दुर्मीळ हा शब्द आपण फार उशिरा वापरतो. सारसाचं उदाहरण घ्या. उडणाऱ्या पक्ष्यांत जगातला सगळ्यांत उंच, जवळजवळ माणसाच्या उंचीचा, जोडीनं राहणारा. महाराष्ट्रात आता तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाफार भंडाऱ्यात उरलाय. धानाच्या बांध्यांत तो गवताचा मोठा ढीग करून घरटं बांधतो आणि गोंदियातले कितीतरी शेतकरी त्या घरट्याभोवतीचं धान न कापता ठेवतात. तरीही त्याची संख्या एवढी घटली की २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. पाखरू कोर्टात पोचलं म्हणजे ते वाचण्याची आशा आहे, हे खरं. पण त्याआधी आपल्या हातून फार काही निसटून गेलेलं असतं.

नदी सुरय अजून त्या टोकाला गेलेला नाही. गावातली पोरं त्याला ओळखतात, मासे धरणारे त्याच्या मागावर जाऊन मासोळ्यांचा घोळका शोधतात. आणि तरीही जागतिक यादीत २०२० पासून तो असुरक्षित प्रजातींमध्ये आहे. त्याचा भाऊबंद काळ्या पोटाचा सुरय तर त्याहून कितीतरी मोठ्या संकटात आहे. आग्नेय आशियातल्या बहुतेक मोठ्या नद्यांवरून तो नाहीसा झालाय आणि आता त्याची भिस्त मुख्यतः भारतीय उपखंडातल्या नद्यांवर आहे. रेतीवर घरटं करणारा पाणचिरा, ज्याची खालची चोच वरच्या चोचीहून लांब असते आणि जो पाण्याचा पृष्ठभाग चिरत मासे टिपतो, तोही २०२० मध्ये संकटग्रस्त ठरला. तिघांनाही विणीसाठी नदीतली उघडी बेटंच लागतात.

ही रेती शेवटी जाते कुठं? आमची वर्धा गडचिरोली जिल्ह्यात चपराळ्याजवळ वैनगंगेला भेटते आणि दोघींची प्राणहिता होते. सिरोंच्याजवळ प्राणहिता गोदावरीत मिसळते. तिथून गोदावरी पापिकोंडांच्या डोंगरातून वाट काढत राजमहेंद्रीला पोचते, धवळेश्वरमच्या खाली तिच्या गौतमी आणि वसिष्ठा अशा शाखा फुटतात आणि मग बंगालच्या उपसागराला लागून तिचा त्रिभुज प्रदेश पसरतो. काकीनाड्याजवळचं कोरिंगाचं खारफुटीचं जंगल त्याच प्रदेशात आहे. उत्तरेकडच्या नद्यांवर वाढलेले पाणचिरे हिवाळ्यात तिथल्या चिखलाच्या बेटांवर उतरतात. ती बेटं, ती खारफुटी, ती भातशेती, सगळं नद्यांनी हजारो वर्षं वाहून नेलेल्या मातीवर आणि रेतीवर उभं आहे. त्यात सातपुड्याचा, विदर्भाचा वाटा आहे. वरची धरणं आणि उपसा यांनी तो पुरवठा आटला की समुद्र किनारा खाऊ लागतो, आणि गोदावरीच्या मुखाशी ते घडतंय. वडनेरच्या बाजूला बेट खचतं तेव्हा त्याचा धक्का शेकडो कोसांवरच्या एका कोळीवाड्यापर्यंत पोचत असतो. नदीतली रेती एका गावाची, एका तालुक्याची किंवा एका जिल्ह्याची कधीच नसते.

मारुती चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. विदर्भाच्या जंगलांत त्यांनी नोकरीची बरीच वर्षं घालवली आणि ‘पक्षिकोशा’तून मराठी माणसाला पाखरांची नावं एका जागी दिली. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सालिम अलींचा, या दोन तारखांच्या मध्ये आपल्या राज्यात पक्षी सप्ताह साजरा होतो. शाळांमधून मुलं तलावांवर जातात, दूरदेशीचे पाहुणे बघतात. ते व्हायलाच हवं. पण पाहुण्यांचा हंगाम वेगळा आणि घरच्या लेकरांचा वेगळा. आपल्याकडंच जन्मणाऱ्या, आपल्याच नदीत वाढणाऱ्या या पाखरांना आपली गरज मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत असते. त्या वेळी शाळा परीक्षांत किंवा सुट्टीवर, माणसं सावलीत आणि घाट मात्र चालू असतात.

करता येण्यासारखं खूप आहे, आणि ते इतरांनी करून दाखवलंय. चंबळ नदीवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीनं पाणचिऱ्यांच्या घरट्यांसाठी नदीकाठच्या गावांतलीच माणसं राखणदार म्हणून नेमली. मोकाट कुत्री हाकलणं, गुरं बेटावर जाऊ न देणं, लोकांना समजावणं, एवढंच त्यांचं काम. त्या कामासाठी परवीन शेख यांना २०२५ चा व्हिटली पुरस्कार मिळाला. आपल्या कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्रनं गावकऱ्यांना सोबत घेऊन कासवांची अंडी राखली, आणि आज ते गाव कासवांसाठी ओळखलं जातं. अकोला-वाशीमच्या गवताळ माळांवर, तणमोराच्या मागे एकेकाळी फासे लावणारे फासेपारधी आज तणमोर राखायला मदत करतात. तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच. जागेवर राहणाऱ्या माणसाला विश्वासानं काम सोपवावं लागलं.

आमच्या नदीवर तो माणूस आधीच आहे. डांगरवाडी लावणारी कुटुंबं चैत्रात रात्रंदिवस रेतीतच राहतात. जाळं टाकणारे भोई आणि ढिवर पहाटे सगळ्यांच्या आधी बेटावर पोचतात. कुठल्या बेटावर किती सुरय बसले, कुठल्या रात्री पाणी चढलं, कुठल्या वाटेनं कुत्री आली, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. "त्याईचंबी घरच हाय ना ते," असं बाबा त्या दिवशी सहज म्हणून गेले. राखणदार शोधायला बाहेर जाण्याची गरज नाही. त्यांचं ज्ञान कागदावर घ्यायचं, त्यांना थोडा मान आणि थोडं मानधन द्यायचं, एवढंच बाकी आहे.

रेतीचीही सोय होऊ शकते. राज्य सरकारनं २०२५ मध्ये दगडापासून तयार होणाऱ्या कृत्रिम वाळूचं धोरण आणलंय. बांधकामाची मोठी भूक तिकडं वळवली तर नदीवरचा भार हलका होईल, आणि गावच्या घरकुलांना लागणारी रेती नदी आनंदानं देईल.

म्हणून वडनेर-पोहण्याच्या आणि वर्धेच्या दोन्ही थड्यांवरच्या गावांना माझं एवढंच मागणं आहे. ग्रामसभेत घाटाचा विषय येईल तेव्हा एक ठराव मांडा: आमच्या हद्दीतलं पाण्यानं वेढलेलं एक बेट फेब्रुवारी ते जून या काळात कुणीही उपसणार नाही, तिथं गुरं जाणार नाहीत, ट्रॅक्टर उतरणार नाही. तहसीलदारांना लेखी कळवा की घाटाची सीमा आखताना विणीची बेटं बाहेर ठेवा. पाटबंधारे खात्याला सांगा की उन्हाळ्यात पाणी सोडायचं असेल तर एकदम न सोडता हळूहळू सोडा आणि आधी कळवा. गावच्या शाळेतल्या मास्तरांना सांगा की एप्रिलमधल्या एका पहाटे मुलांना काठावर आणा, बेटावर नेऊ नका, आणि दुर्बिणीतून सुरयाची काळी टोपी दाखवा. यांतल्या एकाही गोष्टीला सरकारी योजनेची वाट बघावी लागत नाही. प्रत्येक गावानं एकच बेट सोडलं तरी मुलताईपासून चपराळ्यापर्यंत या पाखरांना घर मिळेल. पुढच्या फाल्गुनाच्या आधी हा ठराव झाला पाहिजे; कारण पाणी ओसरलं की सुरय जागा बघायला येतात, आणि त्यांच्याकडं वेळ फार थोडा असतो.